साईनाथची सुखरूप सुटका

कळंबच्या पुढे एक फार्महाऊस आहे. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची मंडळी पाण्यात डुंबतात आणि मोठ्यानं गाणी लावतात. गुरुवारी मात्र त्याचं तीर्थक्षेत्र होतं. त्या गुरुवारी तिथल्या हॉलमध्ये पन्नासेक पोटुशा बाया सतरंजीवर बसल्या होत्या. प्रत्येकीमागे एक सासू किंवा आई, आणि बाहेर झाडाखाली कंटाळलेले नवरे. उदबत्त्यांचा धूर इतका, की माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईलाही मळमळायला लागलं.

समोर पडदा होता. पडद्याआड एकेक गरोदर बाई बसायची आणि फक्त उजवा हात बाहेर काढायची, तोही हिरव्या पदराने झाकलेला. प्रसवानंद महाराज परस्त्रीचं तोंड बघत नाहीत, असं त्यांचा शिष्य विपुल माइकवरून सांगत होता. हाताखाली तांब्याचं घंगाळ, आणि घंगाळात मुठीएवढा एक वाळका तपकिरी गोळा. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी भांडी घासायचा काथ्या टाकलाय.

"माते, हे गर्भकमळ!" महाराज म्हणाले. आवाज असा, की तुपात बुडवून काढलेला. "तुझी कूस ही मूठ आहे. मूठ कोण उघडणार? डॉक्टर? अगं, डॉक्टर मूठ कापतो! मी उघडतो. कमळ उमललं तर तुझी वाट मोकळी. नाही उमललं तर वाटेत कोणीतरी बसलंय."

विपुलने घंगाळात थर्मासमधून तीर्थ ओतलं. मी पुढेच होते, बोट बुडवलं. चांगलंच गरम होतं.

"तीर्थ गरम कसं हो?" मी विचारलं.

"महाराजांच्या तपाची ऊब, ताई."

मग सव्वा तास भजन. घंगाळावर कापड. भजन संपलं, कापड उचललं, आणि त्या काथ्याचं हिरवट, पसरट, नक्षीदार फूल झालेलं! बायांनी हात जोडले, सासवांचे डोळे भरून आले. नवरेसुद्धा आत येऊन मोबाइल धरून उभे राहिले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघताना माझ्याही अंगावर शहारा आला. मग त्या शहाऱ्याचाच राग आला.

मी आमच्या गावच्या ज्या दोघींसोबत आले होते, त्यांचा त्या दिवशी नंबर लागला. पहिली शकू. दुसरं बाळंतपण, आठवा महिना, ब्लाउज शिवून घर चालवणारी. तिचं कमळ मिटलेलंच राहिलं. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाधा आहे. फूल घरी ने, देवापुढे ठेव. पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस. पुढच्या गुरुवारी निवारण करू." शकूचा चेहरा पांढरा पडला.

दुसरी हर्षला. पहिलटकरीण, नववा लागलेला. तिचं कमळ असं उमललं, की घंगाळ भरून गेलं. महाराज आसनावरून उठलेच.

"पायाळू!" ते ओरडले. "हा जीव पायांनी चालत येतोय! याला चिरून काढाल तर ह्याची विद्या जाईल. वाट मोकळी आहे, याला वाटेनंच येऊ द्या!"

हॉलमध्ये नुसता गलका झाला. बाळाचे पाय खाली आहेत हे महाराजांना कसं कळलं? मला कळलं होतं. नावनोंदणीच्या टेबलावर विपुल प्रत्येकीची दवाखान्याची फाइल चाळत होता, आणि हर्षलाच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचा कागद सगळ्यात वर होता.

आता पायाळूची भानगड सांगते. जे मूल डोक्याऐवजी पायांकडून जन्मतं ते पायाळू. आमच्याकडे समज असा, की पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं, आणि त्याने हळूच लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण निघते. हर्षलाचे सासरे भिवाजीआबा यांनी डोंगराच्या पायथ्याच्या जागेत तीन बोअर मारल्या होत्या, तिन्ही कोरड्या. पाणी लागलं असतं तर ती जागा कुठल्याही फार्महाऊसवाल्याने डोळे झाकून घेतली असती. शिवाय आबांना उसणीचा त्रास जुना. म्हणजे जन्माला यायच्या आधीच नातवाला दोन नोकऱ्या लागल्या होत्या.

आणि कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी सिझरची तारीख दिली होती पुढच्या शुक्रवारची. बाळ आडमुठं, पाय खाली, डोकं वर, गर्भजल कमी. "कळा सुरू व्हायच्या आत या, कुणाची वाट बघू नका," असं त्यांनी हर्षलाला, नवऱ्याला आणि मला तिघांना बजावलं होतं.

मी म्हणजे गावची अंगणवाडी सेविका. दर मंगळवारी मुलं खिचडी खाऊन गेली, की माझ्या अंगणवाडीत गावच्या दिवस गेलेल्या बाया जमतात. त्या वर्षी तिघी होत्या: हर्षला, शकू आणि सुप्रिया. सुप्रिया भिसेगावात क्लासमध्ये सायन्स शिकवणारी, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिघी मिळून बाळंतविडा शिवायच्या. जुन्या सुती साड्यांची दुपटी, टोपडी, लंगोट. एकीचे पाय सुजले की दुसरी चेपून द्यायची. एकीला रडू आलं की दुसरी आपल्या नवऱ्याची नक्कल करून हसवायची. हर्षलाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच होती. तिला जे आईला विचारायचं ते ती या दोघींना विचारायची.

त्या मंगळवारी ती आली आणि सुई हातात न घेता भिंतीला टेकून बसली.

"शुक्रवारी जायचं नाय असं ठरलंय घरात," ती म्हणाली. "गुरुवारी महाराज स्वतः घरी येणार हायेत. पायाळू पूजन करायला. आबांनी मंडप सांगितलाय."

"आणि तुला काय वाटतं गं?" मी विचारलं.

"मला कोण विचारतंय, ताई?" मग तिचा आवाज चिरकला. "मला मरायचं नाय. माझं बाळ पण मरायला नको. फुलाचं खरं असंल तर मंग माझ्या पोटात एवढी भीती का बसलीय?"

सुप्रियाने तिचा हात धरून ठेवला. इतक्यात शकू पुटपुटली, "तुझं उमललं तरी. माझ्या वाटेत कोण बसलंय देव जाणे. पाच रात्री डोळ्याला डोळा नाय."

"आण बघू तुझं ते बसलेलं," सुप्रिया म्हणाली.

शकूने पिशवीतून फडक्यात बांधलेला गोळा काढला. देताना तिची बोटं त्यावरून फिरली आणि थांबली. वीस वर्षं सुईदोरा धरलेली बोटं ती. तिने गोळा उजेडात नेला, डोळे बारीक केले.

"ह्याला दोरा हाय," ती म्हणाली.

"कसला दोरा?"

"तंगूस. गळाला लावतात ती. आमचा बाबा पेजनदीत मासे धरायचा, त्याची गुंडाळी मीच करायचे." तिने कात्री घेतली आणि कचकन एक टोक कापलं. काचेसारखी, डोळ्यांना न दिसणारी नायलॉनची दोरी, गोळ्याभोवती तीन वेढे आणि वर पक्की गाठ. शकू त्या गाठीकडे बघत बसली. "मेल्यानं गाठ पण धड मारली नाय."

खिचडीच्या चुलीवर पाणी गरम होतंच. आम्ही तो गोळा पातेल्यात टाकला. भजन कुणालाच नीट येत नव्हतं, म्हणून तिघींनी आपापल्या सासवांविषयी बोलायला सुरुवात केली. ते भजनापेक्षा जास्त वेळ चाललं. बोलणं थांबलं तेव्हा पातेल्यात कमळ उमललेलं होतं.

शकू आधी हसली, मग रडली, मग तिने महाराजांच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की मी अंगणवाडीचं दार लावून घेतलं.

सुप्रियाने समजावून सांगितलं. ही खडकावर उगवणारी वनस्पती. पाणी नसलं की पानं आत वळून गोळा होते, पाणी मिळालं की उलगडते. वाळवा, भिजवा, कितीही वेळा. मेलेली असली तरी उलगडते, कारण पानांच्या एका बाजूला पाणी जास्त शोषलं जातं, दुसरीला कमी. गरम पाण्यात लवकर, थंडात उशिरा. जत्रेत औषधवाल्यांच्या टोपलीत ढिगाने मिळते. जिचं मिटलेलं ठेवायचं तिला तंगूस बांधायची, पाणी लावू नको सांगायचं, आणि निवारणाच्या दिवशी कापडाखाली गाठ कापायची.

तेवढ्यात हर्षलाला न्यायला साईनाथ आला. तिचा नवरा. खोपोलीच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात होता. आम्ही त्याला पातेलं दाखवलं, दोरी दाखवली.

"दिवसभर दुसऱ्यांचा माल तपासतोस ना रं?" मी म्हटलं. "हा तपासलास का?"

त्याने मान खाली घातली. "ताई, मला पटतं. पर आबा ऐकणार नाय. माझं घरात कोण ऐकतंय?"

"तुझं नको ऐकू दे," सुप्रिया म्हणाली. "तुझा हात लागणार आहे फक्त."

गुरुवारी भिवाजीआबांच्या अंगणात मंडप पडला. अर्धं गाव जमलं, कशेळ्याहून जीप भरभरून माणसं आली. पायाळू जन्माला यायच्या आधीच एक म्हातारा कंबर धरून पहिल्या रांगेत येऊन बसला होता. महाराज आले, आसनावर बसले, विपुलने पडदा लावला. आम्ही तिघींचा बाळंतविडा टोपलीत घालून आलो होतो, त्यामुळे आमच्याकडे कुणी संशयाने बघितलं नाही.

मी हात जोडून पुढे झाले. "महाराज, पूजनाच्या आधी एक विनंती. गावातली आणखी एक पोटुशी आहे. फार लाजरी. कमळ तेवढं बघा. मागच्या दाराने पडद्याआड बसवलंय तिला."

महाराजांना गर्दीसमोर नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. पडद्याखालून हिरव्या पदरात गुंडाळलेला हात बाहेर आला. मनगटावर हिरवा चुडा किणकिणला. तो चुडा चढवायला आम्हाला अर्धी वाटी तेल लागलं होतं, आणि तीन बांगड्या फुटल्या होत्या.

घंगाळ आलं, तीर्थ आलं, भजन झालं. कापड उचललं. कमळ काय उमललं होतं! महाराजांनी डोळे मिटले.

"सुलक्षणी माता," ते म्हणाले. "अंगाने भरलेली, मनाने हळवी. आंबट खावंसं वाटतं, पण कुणाला सांगत नाही. सासूचा धाक आहे. तेजस्वी जीव आहे पोटात. दवाखान्याचं तोंड बघायची गरज नाही. महिन्याच्या आत हिची सुखरूप सुटका होईल!"

"नक्की ना, महाराज?"

"ब्रह्मवाक्य!"

सुप्रियाने पडदा ओढला. आत पाटावर साईनाथ बसला होता, बायकोचा पदर हातावर, चुडा मनगटात रुतलेला, आणि कंपनीच्या कँटीनने वाढवलेलं पोट पुढे.

मग जो हशा उठला, त्याने मंडपाचा खांब हलला. "साईनाथ, कितवा रं?" कुणीतरी ओरडलं. "आंबट काय आणू, चिंच का कैरी?"

पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात वर केला. "हसा! अज्ञानी हसतात! पिताही गर्भ धारण करतो. सूक्ष्म गर्भ! कमळाने तो ओळखला!"

आणि सांगायला लाज वाटते, हशा थांबला. चार माणसं विचारात पडली. गावातली म्हातारी हिरूआत्या तर उठून साईनाथच्या पायाच पडायला निघाली. वीस वर्षं मी गावात काम करते. माणसाला डोळ्यांनी दिसलेलं खोडून काढायला कानात पडलेलं एक वाक्य पुरतं, हे मला तोवर इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

मग शकू उभी राहिली. आठ महिन्यांचं पोट सावरत ती थेट विपुलच्या पिशवीपाशी गेली आणि पिशवी सतरंजीवर उलटी केली. वीस-पंचवीस वाळके गोळे घरंगळले. तिने एकेक उचलून बोटांनी चाचपले. "हा सुटा. हा सुटा. हा बांधलेला. बघा, आत्या, तुमीच बोट लावून बघा." तिने कात्रीने दोरी कापून हिरूआत्याच्या हातात ठेवली. "ही माझ्या वाटेत बसलेली बाधा. पाच रात्री मी हिच्यापायी झोपले नाय."

हिरूआत्याने दोरी ओढून बघितली, दाताने चावून बघितली, आणि महाराजांकडे असं बघितलं, की विपुल चपला शोधायला लागला. सुप्रियाने मग कमळाचं सगळं शास्त्र मोठ्याने सांगितलं. कंबर धरून बसलेल्या म्हाताऱ्याने स्वतः एक गोळा पाण्यात टाकला, आणि भजन न म्हणता बघत बसला. महाराज गाडीत बसायला निघाले, पण विपुलच्या पिशवीतून गोळ्यांबरोबर पडलेली चावी साईनाथच्या त्या चुडा भरलेल्या हातात होती. पुढचं काम पोलिसांनी केलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो वापरायला फक्त एक तक्रार लागते. आम्ही तीन दिल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाही संपली.

गर्दी पांगल्यावर भिवाजीआबा ओट्यावर बसून म्हणाले, "बुवा खोटा, मान्य. पर पायाळू खोटं नाय. ते आपल्या वाडवडलांपासून हाय. पोर पायाकडनंच होऊ दे. सुईण बोलवू. उद्या दवाखान्यात जायचं नाय."

मी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मोठ्या दवाखान्यात, सगळी तयारी हाताशी असताना, जाणते डॉक्टर कधी असं बाळंतपण करतातही. घरात नाही. आबा भिंतीकडे बघत राहिले. साईनाथ म्हणाला, "मी नेणार तिला." आबा म्हणाले, "मंग परत या घरात यायचं नाय." हर्षला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या पायावरची सूज मला तिथून दिसत होती.

तेव्हा चंद्राबाई बोलल्या. हर्षलाची सासू. आठवडाभर पायाळूच्या नादात सगळ्यात पुढे असलेली.

"माझा पयला पायाळूच व्हता," त्या म्हणाल्या.

साईनाथने चमकून बघितलं. तो स्वतःला पहिलाच समजत होता.

"तुज्या आदीचा. ह्याच घरात. पाय आले तवा सासूबाई नाचल्या. सगळे बोलले, पायाळू आला, नशीब काढलं. मंग अंग आलं. मंग डोकं आडकलं." त्यांनी आपल्या मानेला हात लावला. "ते पाय मी हालताना बघितले. मंग हालायचे थांबलेले पण बघितले. तुमी बोललात, देवाचं लेकरू व्हतं, देवानं नेलं. मी पण तसंच धरून बसले. नायतर जगले असते कशी? ह्या पोरीच्या पोटात पायाळू हाय आयकलं, तर मला वाटलं माझाच माघारी आला." त्या आबांकडे वळल्या. "देवानं नाय नेलं त्याला. आपण नाचत बसलो म्हून गेला."

चंद्राबाईंनी आत जाऊन हर्षलाची फाइल आणली, कपाळाला लावली नाही, देवापुढे ठेवली नाही, नुसती काखेत धरली आणि चपला घातल्या. "उद्याची वाट कशाला बघायची? जीप बोलव रं."

त्या संध्याकाळीच हर्षला दाखल झाली. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळ्या ओळीने बसलो होतो. सुप्रिया आणि शकू आपापली पोटं सांभाळत, चंद्राबाई मध्ये. शकू चंद्राबाईंची पाठ चोळत होती. पोटुशी बाई दुसरीच्या सासूची पाठ चोळते, हे त्या दवाखान्यानेही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

दार उघडलं. सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. "मुलगी आहे. वजन चांगलं आहे. रडली पण लगेच."

चंद्राबाईंनी हात पुढे केले नाहीत. आठवडाभर त्या घरात पोटातल्या पोराच्या पायांची चर्चा चालली होती, त्यात हे एकदाही कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"माझी सून कशी हाय?"

"बरी आहे. शुद्धीवर आहे. तुम्हालाच विचारतेय."

मग त्यांनी बाळ घेतलं आणि मोठ्याने रडल्या.

हे मी लिहून ठेवतेय त्याला कारण आहे. फूल पाण्याने उमलतं. बाळ कुठल्या बाजूने येतंय ते सोनोग्राफीत दिसतं. आणि अडलेली बाई वेळेवर दवाखान्यात पोचली तर वाचते, नाही पोचली तर तिच्या नावाने देवाला दोष देऊन सगळे मोकळे होतात. यात अवघड काही नाही. तरी पुढचा महाराज येईल, त्याच्या हातात फुलाऐवजी आणखी काही असेल. त्या वेळी सासूबाई, आई, नवरा, जो कुणी मागे उभा असेल, त्याने एवढंच करावं: जिच्या पोटात बाळ आहे तिला आधी विचारावं, तुला काय वाटतंय गं. आणि तिचं उत्तर ऐकून घ्यावं.

चंद्राबाई आता दर मंगळवारी अंगणवाडीत येतात. नवी पोटुशी आली, की तिच्या सासूला बाजूला घेऊन बसतात आणि आपल्या पहिल्याची गोष्ट सांगतात. चाळीस वर्षं त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. परवा त्यांनी ठेवलं. त्याची गोष्ट सांगताना आता "तो" म्हणत नाहीत, त्याचं नाव घेतात.